आठ किलो चॉकलेट

पारोळ्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. तिथं उभं राहिलं की एका हाताला धुळं आणि दुसऱ्या हाताला जळगाव. अकरा वर्षांपूर्वी मी तिथं धुळ्याच्या बाजूला तोंड करून उभी होते, कारण मुंबईला नेणारी गाडी धुळ्याहून येणार होती. लग्नाला चार महिने झाले होते, प्रशांत आधीच जर्मनीला पोचला होता आणि माझा व्हिसा कालपरवा हातात पडला होता. नाना परीटघडीची टोपी घालून आले होते. दादा रस्त्यावर जाऊन गाडी दिसते का बघत होता. आणि माय, म्हणजे माझी आई, बिबड्यांचं गाठोडं पोटाशी धरून उभी होती. उन्हाळ्यात खपून केलेले ज्वारीचे बिबडे, पापडासारखे. बॅग तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम चालत नाही, हे मी तिला तीन दिवस सांगत होते. तरी तिनं आणलेच. मी घेतले नाहीत.

नाना म्हणाले, "तठे काही कमी पडनं ते सांगजो." मला हसू आलं. श्टुटगार्टमध्ये मला मिठाची गरज पडली तर हे काय फाट्यावरून एसटीनं पाठवणार होते? पण बापाच्या तोंडून दुसरं काय निघणार. गाडी सुटली तेव्हा मी काचेतून हात हलवला, मायला हलवता आला नाही, दोन्ही हातांत गाठोडं होतं. तुमच्यातल्या ज्यांनी गाव सोडलं त्यांच्याकडे असा एखादा फाटा असणार. आणि तुम्ही जे मागं राहिलात, तुम्ही त्या फाट्यावरून चालत घरी गेलात. आम्हाला ते चालणं कधी दिसलं नाही, एवढंच सांगायचं आहे.

पहिल्यांदा परत आले तेव्हा बॅगेत चॉकलेटंच चॉकलेटं होती. तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीस शाळांना आठवडाभर सुट्टी असते, हर्ब्स्टफेरियन म्हणतात. झाडांची पानं पिवळी पडतात, लोक डोंगरात फिरायला जातात. आम्हा खानदेशातल्यांना ती सुट्टी म्हणजे देवानं दिलेली दिवाळीची रजा. मुलगी, ओवी, शाळेत जायला लागल्यावर तर आमचं सगळं वर्ष त्या आठवड्याभोवती फिरायला लागलं. तिकीट त्या आठवड्याचं, भांडणं त्या आठवड्याची, आणि त्याच्या आधीच्या शनिवारी सुपरमार्केटमध्ये जाऊन ट्रॉली भरून चॉकलेट. पहिले तीन दिवस सासरी जळगावला, मग गावी.

गावी चॉकलेट वाटायचं काम नानांचं. त्यात कोणी हात घालायचा नाही. ते ओट्यावर मांडी घालून बसायचे, मोठी वडी कागदातून सोडवायचे आणि अडकित्त्यानं कातरायचे. सुपारी कातरावी तसं. कट्‌कट् आवाज यायचा. मी पहिल्या वर्षी म्हटलं, नाना, त्याच्यावर रेषा आहेत, हातानं तुटतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आत गेले. मग भाऊबंदकीतल्या एकेका घरासाठी एकेक स्टीलची वाटी, वर धुतलेला रुमाल, आणि कोणी कुणाकडे न्यायची याची यादी तोंडपाठ. "बठ्ठासले पुराले पाहिजे," सगळ्यांना पुरलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. उरलेला चुरा तेवढा त्यांच्या वाट्याचा. तो ते जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे, चावायचे नाहीत.

वाट्या कधी रिकाम्या परत आल्या नाहीत. कुणी शेंगदाणे घालायचं, कुणी चार लिंबं. समोरच्या कमलअक्कांनी एकदा चॉकलेट चुलीजवळच्या फळीवर ठेवलं आणि ते पातळ झालं, तर बाईनं ते दुधात ढवळून घरभर पाजलं आणि मला येऊन सांगितलं की तुमच्या तिकडची बोर्नव्हिटा कडू आहे. कमलअक्का म्हणजे नानांच्या चुलतभावाची बायको, वयानं मायपेक्षा मोठी, गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मी ते तिकडच्या मैत्रिणींना रंगवून सांगायचे. मला वाटायचं, माझं घर हे असं आहे, आणि मी कितीही लांब गेले तरी ते तसंच राहणार. वर्षातनं एकदा जायचं, बॅग उघडायची, झालं.

आता या वर्षीचं सांगते. ते सांगायलाच बसले आहे, बाकी सगळं उगाच लांबण लावत होते.

जानेवारीत मी नवीन नोकरी धरली. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे कच्ची नोकरी. रजा मागितली तर कपाळावर आठ्या. मार्चमध्ये एका सोमवारी दादाचा फोन आला की नानांना धुळ्याला दवाखान्यात हलवलंय, तू ये. दादा धुळ्यातच देवपूरला राहतो, कॉलेजच्या ऑफिसात आहे, उगाच घाबरणारा माणूस नाही. पण त्याआधी दोन वेळा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा नाना चौथ्या दिवशी घरी येऊन शेतावर गेले होते. मी म्हटलं, शनिवारी निघते. शुक्रवारी माझं एक मोठं काम होतं. नाना गुरुवारी गेले.

त्याच संध्याकाळी सगळं उरकलं. मी ते फोनवर बघितलं, ऑफिसच्या जिन्यात बसून. दादाच्या मुलानं फोन धरला होता आणि गर्दीत तो त्याला डोक्यावर उंच धरावा लागत होता, त्यामुळे मला बराच वेळ नुसतं आभाळ दिसलं.

इथपर्यंत लोक मला माफ करतात. तिकडे अशा गोष्टी सगळ्यांच्याच घरी झालेल्या आहेत. पण पुढचं मी कोणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दादानं विचारलं, दहाव्याला येशील ना. आणि मी हिशेबी बाईसारखी बोलले. म्हटलं, आता नाना तर गेले, येऊन मी कोणाला बघणार? रजा नाही. त्यापेक्षा दिवाळीला ओवीच्या सुट्टीत निवांत येते. निवांत, हाच शब्द. फोन स्पीकरवर होता आणि माय शेजारी बसलेली होती, हे मला नंतर वहिनीनं सांगितलं.

त्या दिवसापासून माय माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दादा-वहिनी दर रविवारी मायकडे गावी जायचे, तेव्हा मी फोन करायचे, वहिनी म्हणायची, आई पडल्यात जरा. कधी वहिनीनं फोन हातात दिलाच तर माय "बोल" म्हणायची आणि माझं एक वाक्य होईपर्यंत फोन परत वहिनीकडे गेलेला असायचा. आठ महिने. मी स्वतःला समजावत होते, की समोर गेले की होईल नीट. गळ्यात पडले की आई विरघळतेच. आणि त्या शनिवारी मी आठ किलो चॉकलेट घेतलं. इतर वर्षी पाच असायचं. का जास्त घेतलं हे कळायला मला मानसशास्त्र शिकायची गरज नाही.

जळगावला सासूबाईंनी निघताना सांगितलं होतं, पहिली दिवाळी आहे, जपून. मला वाटलं, रडारड होईल म्हणून म्हणतायत.

घरी पोचलो तर रडारड झालीच. गल्लीतल्या बाया आल्या, माय त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी जवळ गेले तर तिनं ओवीला ओढून घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि उठून आत गेली. रात्री मी जेवायला बसले तेव्हा माय वहिनीला म्हणाली, तिले इचार, भाजी पाहिजे का. मी दोन हातांवर बसले होते. प्रशांतनं खाली मान घातली. त्याला कुठं बघावं ते कळेना.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माय मळ्यात गेली होती आणि दादा वहिनीला घेऊन पारोळ्याला बाजारात. घरात आम्हीच. मला काय सुचलं, मी फळीवरच्या वाट्या काढल्या. नानांचा अडकित्ता देवघराच्या कोनाड्यात होता, तो घेतला. ओट्यावर मांडी घालून बसले आणि वड्या कातरायला लागले. मला खरंच वाटत होतं की मी फार मोठं, चांगलं काहीतरी करते आहे. नानांचं काम मी पुढं चालवते आहे. डोळे भरून येत होते, माझं मलाच कौतुक वाटत होतं, आता सांगायला लाज वाटते पण खरं तेच आहे. रुमाल घातले, आणि ओवीला एकेक वाटी देऊन घरोघरी पाठवलं. तिला अहिराणी येत नाही, मराठीही जर्मन चालीत बोलते, पण नऊ वर्षांची पोर मोठ्या तोऱ्यात गेली.

तासाभरात वाट्या परत आल्या. शिगोशीग भरून. कुणाची शंकरपाळी, कुणाचा चिवडा, करंज्या, अनारसे. ओवी नाचत आली, की मम्मा, आपण थोडं दिलं आणि त्यांनी केवढं दिलं. मला भरून आलं. म्हटलं, बघ, ही माझी माणसं.

वहिनी बाजारातून आली, तिनं ओळीनं मांडलेल्या वाट्या बघितल्या आणि पिशवी तिथंच खाली ठेवली. विचारलं, हे काय? मी सांगितलं. तिनं एका वाटीतली शंकरपाळी मुठीनं बाजूला केली. खाली चॉकलेटं होती. मी कातरलेली, जशीच्या तशी. दुसरीत चिवड्याखाली तीच. एकानंही खाल्लं नव्हतं, एकाही पोराला खाऊ दिलं नव्हतं. पोरीचं मन मोडू नये म्हणून कोणी नको म्हटलं नाही, नुसतं वरून आपलं फराळाचं घालून झाकून पाठवलं.

तेवढ्यात कमलअक्का काठी टेकत आल्या. रागावल्या नव्हत्या. ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या, माझ्या हातातला अडकित्ता काढून घेतला आणि म्हणाल्या, "हाई वरीस तुमना घरनं गोड बाहेर जास नही, बेटा. आमीच आठे लई येतस."

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी याच गल्लीत वाढले. माणूस गेलेल्या घरात वर्षभर कढई चढत नाही, गोडधोड होत नाही, बाहेर तर जातच नाही. सणाला दुसऱ्यांनी त्या घरात घेऊन यायचं. मी स्वतः लहानपणी ताटं पोचवलेली आहेत. पण विसरले. आणि का विसरले तर माझ्या हाडांना ठाऊकच नव्हतं की हे माणूस गेलेलं घर आहे. मी नानांना नेलेलं बघितलं नाही, तेराव्याचं जेवण वाढलं नाही. माझ्या हिशेबात नाना जरा मळ्यापर्यंत गेले होते.

कमलअक्का गेल्यावर वहिनीनं खरं काय ते सांगितलं. ती एरवी फार मोजकं बोलणारी बाई, धुळ्याच्या शाळेत शिकवते, माझ्याशी नेहमी अदबीनं वागते. त्या दिवशी तिचा आवाज चढला. म्हणाली, "ताई, गल्लीचं सोडा. आठ महिने आईंनी गोडाचा कण तोंडात घातला नाही. तुमच्यासाठी."

आमच्याकडे रीत आहे, की नवरा गेलेल्या बाईच्या तोंडात पहिला गोड घास दुसऱ्या घरच्या माणसानं घालायचा. तोवर ती गोड खात नाही. बहुतेक जणी तेराव्या दिवशी किंवा पहिल्या सणाला मोकळ्या होतात, बहीण येते, भाऊ येतो, पुरणपोळीचा घास भरवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी अमळनेरहून पुरणपोळ्या घेऊन आली होती. मायनं घास घेतला नाही. म्हणाली, मनी पोर येई, तिना हातनं खासू. पोळ्याला मामा आला, त्यालाही तेच. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची, तिचा हात चालतो. माझ्यावर इतकी चिडलेली असताना, माझ्याशी एक शब्द बोलत नसताना, ती बाई माझ्या हातच्या घासासाठी थांबली होती. आणि मी आठ किलो गोड घेऊन आले, गल्लीभर वाटलं, आणि तिच्या तोंडात एक तुकडा घातला नाही. घरात येऊन दोन दिवस झाले होते.

माय मळ्यातून आली तशी मी चॉकलेटचा तुकडा घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. पायांवर पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही तिला. म्हटलं, माय, घे. तिनं ओठ मिटून घेतले. मी तोंडाजवळ नेला तर तिनं भिंतीकडे मान फिरवली. हाताच्या उबेनं चॉकलेट वितळायला लागलं आणि मी तशीच उभी. वाट्यांचं तिला रस्त्यातच कळलं होतं, गल्लीत काय लपून राहतं? दारात दादा होता. एवढ्या महिन्यांत तो मला टाकून बोलला नव्हता, तेव्हाही नाही बोलला. फक्त म्हणाला, "निवांत आलीस ना?" आणि बाहेर गेला.

पाडव्याला मी परत प्रयत्न केला, कमलअक्कांच्या करंजीचा तुकडा घेऊन. नाही. भाऊबीज या वर्षी नव्हतीच. दादाला ओवाळायचं नाही, आरतीचं ताट काढायचं नाही. तो दिवस मी आतल्या खोलीत बॅग भरत काढला आणि माय परसात तुरीच्या शेंगा सोलत बसली. मला रागसुद्धा येत होता, खोटं का बोलू. वाटत होतं, किती दिवस शिक्षा करणार? मी काय मुद्दाम केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावची गाडी यायची होती, आणि मी तशीच गेले असते तर मायनं गोड कधीच खाल्लं नसतं. ती हट्टी आहे. मी कोणावर गेले आहे असं वाटतं तुम्हाला?

सकाळी गाडी दारात लागली. प्रशांत बॅगा ठेवत होता. उरलेल्या चॉकलेटची पिशवी मी हातात धरून उभी होते, इथं ठेवावी की न्यावी ते कळेना. तेवढ्यात माय आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि आठ महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलली.

"तू हाई घरनी शे का पाव्हनी शे, ते पहिले सांग."

मी म्हटलं, माय, असं काय विचारतेस.

"घरनी व्हतीस ते तव्हयच येतीस," ती म्हणाली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. "पाव्हनी व्हईसन ऊनी व्हशी, ते माले गोड खावाड नि जाय."

घरचीच असतीस तर तेव्हाच आली असतीस. पाहुणी म्हणून आली असशील तर मला गोड भरव आणि जा. ज्या वाट्या मी घरची म्हणून ओट्यावर बसून वाटल्या, त्या परत आल्या. घरच्या माणसाचा हात तिला चालणार नव्हता, रीत तशी आहे. पाहुणीचा चालणार होता. तिला माझ्या हातनंच खायचं होतं आणि त्यासाठी मी एक शब्द उच्चारायला हवा होता. अकरा वर्षं मी तिकडे लोकांना सांगते, माझं घर खानदेशात आहे, इथं आपण नुसते राहतो. तोच शब्द गिळायचा होता.

मी म्हटलं, "पाव्हनी शे माय."

तिनं तोंड उघडलं. मी एक तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं सावकाश खाल्ला, घशाखाली उतरेपर्यंत माझा हात मनगटाला धरून ठेवला, दुखेल इतका घट्ट. मग सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि आत वळून वहिनीला हाक मारली की पाव्हनीले च्या ठेव. वहिनी ट्रेमध्ये कपबशी घेऊन आली, काचेच्या कपाटातली, नक्षीची. आमच्या घरात ती फक्त बाहेरच्यांसाठी निघते. मी चहा प्यायले. बशीत ओतून नाही, कपानं.

आता रविवारी माय स्वतः फोन घेते. छान बोलते. ओवी काय करते, तिकडे थंडी किती, जावईबापू बरे आहेत ना, सगळं विचारते. गोडही खाते म्हणे. ज्या एका गोष्टीसाठी माझा जीव आठ महिने टांगणीला लागला होता, ती झाली. मी खोटं बोलणार नाही, मला हलकं वाटतं. फक्त पूर्वी फोन ठेवताना ती दर वेळी विचारायची, कवय येस, कधी येतेस? आणि मी वैतागायचे, की माय, तिकिटं काय झाडाला लागतात का? आता ती तसं विचारत नाही. म्हणते, येत जा.